माशाची गाडी

हुपरीत कुणाचा हिशेब लपून राहत नाही. पैंजणाचा टंच किती, किलोला मजुरी किती, घट किती धरली, हे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ठाऊक असतं. कारखान्यातला केरसुद्धा इथं फुकट जात नाही. झाडलोटीची माती साठवून झारेकऱ्याला विकायची, कारण तिच्यातही चांदीचा अंश निघतो. अशा ग्रॅमवर वाढलेल्या गावात एक माणूस एका बाबतीत पार बेहिशेबी होतो. ती बाब म्हणजे मासे धरायला जायची गाडी.

असा माणूस गल्लीआड एक तरी सापडतो. कुठं तो तात्या असतो, कुठं बापू. आपण त्याला अण्णा म्हणू. वय पन्नाशीच्या पुढं, पुढच्या खोलीत कारखाना, आतल्या सोप्यात घुंगरं जोडत बसलेल्या घरातल्या बायका, आणि माळ्यावर गळ, तंगूस, रीळ, तरंगे, दोन फेकजाळी आणि ट्रकच्या चाकाची एक ट्यूब. भांडवल चांदीत आणि जीव माळ्यावर, अशी अण्णांची वाटणी आहे.

सगळ्या भानगडीचं मूळ भूगोलात आहे. हुपरीला लागून नदी नाही. पंचगंगा उत्तरेला, पट्टणकोडोली-इंगळीकडं. दूधगंगा दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीच्या अंगाला. नदी दारात असती तर अण्णा लुंगीवर, खांद्यावर कळक टाकून चालत गेले असते आणि घरातले बरेच पैसे वाचले असते. पण नदी दूर, म्हणून वाहन आलं, आणि वाहन आलं म्हणून सामान वाढलं. सामान वाढलं की वाहन पुरत नाही. हे रहाटगाडगं अण्णांच्या तरुणपणापासून फिरतंय.

सुरुवात सायकलीनं झाली. सायकलीच्या दांडीला कळकाची काठी बांधायची, हँडलला डबा, डब्यात ओल्या मातीत गांडुळं. एवढ्या सरंजामावर अण्णांनी आयुष्यातले सगळ्यात मोठे मासे धरले, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. अण्णांना हे कुणी काढलेलं आवडत नाही.

मग लूना आली. किनेटिकनं १९७२ साली काढलेली ही पन्नास सीसीची गाडी कारकुनापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची होती, पण तिचे गुण खरे ओळखले ते गळवाल्यांनी. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी येता येत होतं. पुढं पाय ठेवायच्या जागेत बादली बसत होती. गाडी इतकी हलकी, की उसाच्या पाणंदीत रुतली तर मागचं चाक उचलून बांधावर ठेवायची आणि पुढं चालू लागायचं. अण्णांनी लूना विकली त्या दिवसाची तारीख त्यांना अजून पाठ आहे. २०२४ साली तीच लूना विजेवर चालणारी होऊन परत आली, तेव्हा अण्णांनी मोबाइलवरचा फोटो कारखान्यातल्या सगळ्या पोरांना दाखवला. पोरं म्हणाली, "चार्जिंग बंधाऱ्यावर कुठं करणार, अण्णा?" विषय तिथंच मिटला.

लूनानंतर एम-एटी. बजाजची ही गाडी म्हणजे मासेवाल्यांची राणी. किनाऱ्यावर तिच्या कॅरिअरला टोपली बांधून कितीतरी लोकांनी संसार केले. केरळात तर हातानं गिअर टाकायची ही गाडी, तिचं उत्पादन बंद पडून वर्षं लोटली तरी, लायसनच्या परीक्षेला वापरत होते, २०२४ साली तिथल्या परिवहन खात्यानं ते थांबवलं. अण्णांची एम-एटी मात्र परीक्षेला कधी बसलीच नाही. ती किक मारायला लावायची. पहाटे चारला गल्लीत तिची किक सुरू झाली की शेजारचे कूस बदलत. पन्नासाव्या किकेला गाडी सुरू व्हायची, तोवर अण्णा घामानं निथळलेले आणि अख्ख्या गल्लीला कळलेलं, की आज अण्णा दूधगंगेला.

इथं शेजाऱ्यांविषयी सांगायला हवं, कारण गाडीची निवड त्यांच्यामुळंही अडते. अण्णांच्या भिंतीला भिंत लागून जैन घर आहे. तीन पिढ्यांचा घरोबा, एकमेकांच्या लग्नात वाढपी म्हणून उभे राहिलेले लोक. त्या घरातून कधी चकार शब्द येत नाही, आणि म्हणूनच अण्णांना जास्त जड जातं. मासा नदीवरच साफ करायचा, खवलं तिथंच टाकायची, आणि गाडी गावात शिरायच्या आधी धुवायची, हा त्यांचा स्वतःवर घातलेला दंडक. तेव्हा अण्णांच्या लेखी गाडीची पहिली कसोटी ॲव्हरेज नाही, पिकअप नाही. गाडी बादलीभर पाण्यात धुवून निघते का, ही ती कसोटी.

या कसोटीवर जगातली एकच गाडी शंभर नंबरी ठरते, ती टीव्हीएसची एक्सएल. गिअर नाही, मधला भाग मोकळा, मागं कॅरिअर. पहाटे डेअरीला दुधाचे कॅन, दुपारी वैरणीचा भारा आणि रविवारी मासे, असं तिचं वेळापत्रक कोल्हापूर जिल्ह्यात कुठंही बघावं. आधी सत्तर सीसीची होती, २०१५ पासून शंभरची झाली. प्लॅस्टिकचं क्रेट मागं बांधलं की झालं. क्रेटला भोकं असतात, पाणी आपोआप गळून जातं, वास राहत नाही. गळाचं सामान न्यायला यापेक्षा शहाणी गाडी अजून कुणी बनवलेली नाही, हे या लेखकाचं ठाम मत आहे. अण्णांचंही हेच मत आहे. फक्त ते दुसऱ्याला सल्ला देताना सांगतात. स्वतःसाठी त्यांना चारचाकी हवी असते.

का? तर पंचगंगेमुळं. पूर्वी अण्णांचा मुक्काम पंचगंगेच्या बंधाऱ्यावर असे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही याच मुलखाची देणगी. खांबांच्या खाचांत पावसाळा सरला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं, आणि पुढच्या पावसाआधी बरगे काढून नदीला वाट द्यायची. बरग्यांच्या फटीतून झिरपणाऱ्या पाण्याखाली मासा जमतो, हे ज्ञान अण्णांच्या बापाचं. पण पंचगंगेत गावांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी इतकं मिसळायला लागलं, की उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच काठाला लागल्याच्या बातम्या वर्षाआड येऊ लागल्या. अण्णांनी पंचगंगा सोडली. आधी दूधगंगा, मग त्याहून लांब काळम्मावाडी, राधानगरी. नदी घाण झाली तसा मासा लांब गेला, आणि मासा लांब गेला तशी अण्णांची गाडी मोठी होत गेली. प्रदूषणाचा हा परिणाम कुठल्या अहवालात आला नसावा.

राधानगरी म्हणजे शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण. तिथं एक्सएलवर जाऊन यायचं तर पाठीचा मणका वेगळा मोजून घ्यावा लागतो. म्हणून जुनी मारुती ओम्नी आली, कर्नाटकाच्या केए २३ पासिंगची. १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून निघालेली आणि २०१९ साली सुरक्षेच्या नव्या नियमांपुढं बंद पडलेली ही गाडी, सिनेमात माणसं पळवायला वापरली गेल्यानं बदनाम झाली खरी, पण गळवाल्याच्या दृष्टीनं तिचा सरकता दरवाजा हे सोनं होतं. बंधाऱ्यावरच्या अरुंद वाटेला दार उघडायला जागा लागत नाही. मागची सीट काढली की सगळं सामान आडवं.

पण ओम्नीचं इंजिन असतं पुढच्या सीटच्या खाली. ७९६ सीसीचं ते इंजिन काळम्मावाडीहून परत येताना बुडाखाली तापायचं, आणि सीटमागं ठेवलेल्या थर्माकोलच्या पेटीतला बर्फ वितळायचा. वितळलेलं पाणी चटईखाली, चटईखालून फोममध्ये. पहिल्याच उन्हाळ्यात ओम्नीला कायमचा वास लागला. अण्णांनी लिंबं चिरून ठेवली. कॉफी पावडरची पुरचुंडी टांगली. धूप घातला. दारं उघडी टाकून गाडी तीन दिवस उन्हात ठेवली, तर गल्लीतली सगळी मांजरं तिच्याखाली येऊन बसली आणि उठेनात. वहिनींना इचलकरंजीला लग्नाला जायचं होतं. त्या नेसून, अंबाडा घालून, गजरा माळून गाडीत बसल्या आणि दोन मिनिटांत उतरल्या.

"आवं, ही गाडी हाय का मासळी बाजार?"

"काच खाली घे की जरा."

"काच खाली घेतली तर बाहेरच्या लोकास्नी वास जाईल. त्यांनी काय पाप केलंय?"

वहिनी एसटीनं गेल्या. ओम्नी त्या महिन्यात विकली. घेणारा सांडगे-पापडाचा माल टाकणार होता. पुढं त्याचं काय झालं ते विचारायला अण्णा गेले नाहीत.

आता सामानाकडं वळू, कारण गाडीची लांबी शेवटी काठीच्या लांबीवर ठरते. घडीचा रॉड मिटवला की हातभर होतो, तो दुचाकीवर कुठंही मावतो. पण अण्णांचा भरवसा अख्ख्या कळकावर. बारा फुटी, गाठी तासलेला, टोकाला सुतळी गुंडाळलेला कळक. हा कळक कुठल्याही मोटारीत सरळ बसत नाही. डिकीतून आत घातला तर टोक समोरच्या काचेला भिडतं, आणि ड्रायव्हरनं गिअर टाकला की कळक कोपरात टोचतो. टपावर बांधावा तर पुढं-मागं बाहेर येतो. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती अशा गाडीबाहेर लोंबणाऱ्या मालाला वीस हजार रुपये दंड सांगते. हे अण्णांना त्यांच्या मुलानं वाचून दाखवलं. मुलगा पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे आणि नियम वाचतो.

"वीस हजार? कळकाला?"

"लोंबणाऱ्या कशालाबी, पप्पा."

"माझा कळक वीस रुपयाचा हाय," अण्णा म्हणाले. मग शिवाजी उद्यमनगरात जाऊन त्यांनी टपाला क्लँप करून घेतले आणि त्यावर शेतातला पीव्हीसी पाइप बसवला. पाइपात रॉड सुरक्षित राहतात, वारा लागत नाही, टोक मोडत नाही. ही युक्ती जगभरचे गळवाले करतात, अण्णांना ती पाइपलाइनवाल्यानं फुकट शिकवली. कळक मात्र पाइपातूनही दोन फूट बाहेर राहिला. त्याला शेवटी लाल फडकं बांधलं.

शिशाची गोष्ट आणखी निराळी. गळाच्या दोरीला वजन लागतं, आणि ते अण्णा घरीच ओततात. पण चांदीच्या कारखान्यात शिसं म्हणजे शत्रू. मुशीत चिमूटभर मिसळलं तर चांदी ठिसूळ होते, तार ओढताना तुटते. म्हणून अण्णांची शिशाची मूस परसात, भट्टी वेगळी, पळी वेगळी, आणि ओतून झालं की हात धुतल्याशिवाय कारखान्यात पाऊल नाही. वाळूत बोट खुपसून साचा करायचा, त्यात वितळलेलं शिसं सोडायचं, निवायच्या आत वरच्या टोकाला तारेची कडी खोचायची. चांगल्या पन्नास-साठ गोळ्या एका बैठकीला होतात. त्या गोळ्यांचं वजन अण्णा चांदीच्या काट्यावर करतात, मिलिग्रॅमपर्यंत. मग त्या सगळ्या एका जुन्या तेलाच्या डब्यात ओततात, आणि तो डबा उचलायला दोन माणसं लागतात. गाडी घेताना अण्णा "लोडिंग किती?" असं विचारतात ते या डब्यामुळं. शोरूममधल्या पोराला वाटतं, गिऱ्हाईक सिमेंटचा व्यापारी आहे.

ओम्नीनंतरची मधली काही वर्षं अण्णा 'छोटा हत्ती'च्या नादी लागले होते. टाटा एस, २००५ सालची, दोन सिलिंडर, सोळा हॉर्सपॉवर, मागं सात फुटांचा उघडा हौदा. हौदा उघडा म्हणजे वास नाही, धुवायला पाइप लावला की पाणी मागनं सरळ खाली. कळक तिरपा टाकला तर जवळजवळ मावतो. काहीलसुद्धा मावते! गुळाच्या गुऱ्हाळातली जुनी काहील नदीत होडी म्हणून चालते, हे पंचगंगेच्या काठच्या माणसाला सांगायला नको. पुरात माणसं तीतूनच बाहेर काढलेली आहेत. अण्णांना धरणाच्या मधोमध काहिलीतून गळ टाकायचा होता. एकदा त्यांनी काहील, ट्यूब, जाळी, बर्फाची पेटी आणि स्वतः असा सगळा हौद्याचा आराखडा खडूनं अंगणात काढला. अंगणात सगळं बसलं. वहिनींनी त्यावर सडा टाकला.

छोटा हत्ती न घेण्याची कारणं अण्णा निरनिराळी देतात. खरं कारण पिवळी नंबर प्लेट. मालवाहू गाडी म्हटलं की पासिंग आलं, फिटनेस आला, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे भाडं आलं. पिवळी पाटी दारात दिसली की गल्लीतला प्रत्येकजण "अण्णा, एवढं पोतं टाकायचं होतं" म्हणत येणार. तीन हजार किलोच्या आतल्या मालगाडीला परमिट लागत नाही, हे एजंटनं त्यांना समजावलं. अण्णा म्हणाले, "परमिट सरकारचं लागत नसंल, घरचं लागतंय."

एकीकडं त्यांचा अभ्यासही चालू असतो. पवईच्या तलावावर मुंबईकर गळवाल्यांची जुनी संघटना आहे, लोणावळ्याजवळ वळवणला टाटांनी महाशीर माशांच्या बीजाचं केंद्र वर्षानुवर्षं चालवलंय, अमेरिकेत गळवाले पिकअपच्या मागं होडी ओढत नेतात, जपानात खोक्याएवढ्या व्हॅनमध्ये झोपायची सोय करून तळ्याकाठी राहतात. हे सगळं अण्णांना यूट्यूबनं सांगितलं. व्हिडिओत मासा लागतो तो भाग ते पुढं ढकलतात आणि डिकी उघडतात तो भाग थांबवून पाहतात.

अखेरीस मारुतीची ईको आली. नवी, पांढरी, पाच सीटची, एमएच ०९. सीएनजी घ्यायची नाही यावर अण्णा ठाम राहिले, कारण टाकी मागची जागा खाते. शोरूमला जाताना त्यांनी बरोबर टेप नेला होता. सीट टेकली की मागं किती, सीट उचलली की किती, तिरकं माप किती. विक्रेत्यानं बसायला सोफा दिला तर अण्णा गाडीच्या मागच्या भागात जाऊन उकिडवे बसले आणि तिथूनच भाव विचारला. अंबाबाईच्या देवळासमोर नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं, आणि घरातल्या घरात तह झाला: गाडीत मासा येणार नाही. सामान येईल, मासा येणार नाही.

मग मासा येणार कशातून? याचं उत्तर अण्णांकडं तयार होतं. पुतण्या एक्सएल घेऊन मागून येईल, क्रेटात बर्फ घालून. म्हणजे माणूस आणि गळ ईकोत, मासा एक्सएलवर. धरणावर या दोन गाड्यांचा ताफा पोचला की तिथला मच्छीमार संस्थेचा माणूस उठून बघायला येतो. तलावातली मासेमारी संस्थेला ठेक्यानं दिलेली असते, त्यामुळं आधी त्याच्याशी बोलणं, चहा, मग गळ. गळ पाण्यात पडेपर्यंत साडेनऊ वाजतात. मासा पहाटे पाचला खाऊन गेलेला असतो.

शिवाय ईकोला दुसऱ्याच महिन्यापासून गल्लीनं दत्तक घेतलं. कुणाची सून कोल्हापूरला दवाखान्यात न्यायची, कुणाच्या पोराची परीक्षा, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं माखलेले पाहुणे आणायचे. पांढऱ्या पाटीच्या गाडीला भाडं नसतं, नाही म्हणायची सोयही नसते. सीटांच्या खाचांत भंडारा बसला तो अजून निघतो. जैन शेजाऱ्यांच्या आजी तीर्थयात्रेला याच गाडीतून गेल्या आणि परत आल्यावर अण्णांच्या गाडीचं कौतुक करून गेल्या. त्या दिवशी अण्णांना ओम्नी विकल्याचं पहिल्यांदा समाधान वाटलं.

एका रविवारी ईको भाचीच्या साखरपुड्याला निपाणीला गेलेली. अण्णा पुतण्याच्या एक्सएलवर मागं बसले, हातात घडीचा रॉड, मांडीवर गांडुळांचा डबा. दूधगंगेच्या बंधाऱ्यावर उजाडायच्या आत पोचले. चिलापी लागली, दोन वामा लागल्या, आणि उन्हं चढायच्या आत एक मरळही, हातभर लांब. पुतण्या खूश. म्हणाला, "अण्णा, दर वेळी असंच येऊया की."

अण्णांचं लक्ष नव्हतं. पलीकडच्या काठावर एक पांढरी बोलेरो पिकअप येऊन थांबली होती. तिच्या मागून कुणीतरी आठ-दहा रॉड एकदम काढत होतं, सरळ, न वाकवता. अण्णांनी मरळ पुतण्याच्या हातात दिली, चपला काढल्या, बंधाऱ्यावरून तोल सांभाळत पलीकडं गेले आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं,

"पावणं, हौदा किती फुटाचा?"